आधी कड, मग रंग

भाचेबाई, कला महाविद्यालयातून बाहेर पडलीस आणि आता भिंतीवर लावायची पत्र्याची चित्रं करणार म्हणतेस. लेझरने कापलेला पत्रा, त्यावर हाताने रंगवलेलं शहर. बस, टॅक्सी, लोकल, माणसं. बेत चांगला आहे, तुझा हातही चांगला आहे. पण तुझी चित्रं बघताना एक गोष्ट खटकली. तू सगळा जीव रंगात ओततेस आणि पत्र्याला कागद समजतेस.

माझं आयुष्य आधी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं. फ्लेक्स आल्यावर पाट्या गेल्या, मग फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलं. दोन्हीकडे शिकलो ते एकच. पत्र्याचं काम कडेवर उभं राहतं आणि कडेवरच मरतं. चित्र ओळखू येतं ते कडेमुळे, सावली पडते ती कडेची, गंज धरतो तो कडेपासून आणि गिऱ्हाइकाच्या पोराचा हात कापतो तोही कडेनेच. खालच्या गोष्टी वहीत लिहून ठेव.

शहर नको, चौक काढ

अख्खी मुंबई कुणालाच काढता येत नाही. गेटवे, सी लिंक, टॅक्सी, डबेवाला आणि वडापाव एकाच पत्र्यावर कोंबले की विमानतळावर विकतात तसलं चित्र होतं. एक जागा धर आणि एक वेळ धर. पहाटेचा दादरचा फुलबाजार, संध्याकाळी सहाचा सीएसएमटीसमोरचा सिग्नल, दुपारचं भुलेश्वर. तिथे उभी राहा आणि हाताने काढ. फोटोत सगळंच सारखं येतं. हाताने काढताना काय सोडायचं ते आपोआप ठरतं.

काढलेलं खरं आहे का, ते तपास. सीएसएमटीसमोर रिक्षा काढलीस तर मुंबईचं शेंबडं पोरही हसेल, कारण रिक्षाला माहीम-सायनच्या दक्षिणेला परवानगीच नाही. पिवळी अ‍ॅम्बेसेडर कोलकात्याची. आपली टॅक्सी म्हणजे काळं अंग, पिवळं टप, वर सामानाचा कॅरियर. जुनी पद्मिनी काढणार असशील तर तिचं लोखंडी मीटर डाव्या बाजूला, गाडीच्या बाहेर होतं, ते विसरू नकोस. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. त्याआधी दीडेक महिना, १५ सप्टेंबरला, बेस्टची डिझेलवरची डबलडेकर गेली. ट्राम तर ३१ मार्च १९६४लाच बंद झाली. म्हणजे ट्रामशेजारी मेट्रोचा खांब चालणार नाही. गंमत म्हणून काळ मिसळायचा असेल तर खुशाल मिसळ, पण तो मुद्दाम मिसळलेला दिसू दे, अडाणीपणाने झालेला नको.

गर्दी कशी मांडायची, हे शिकायचं असेल तर कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये जाऊन चहा घे आणि मारिओ मिरांडांच्या भिंती बघ. एवढी माणसं, पण रिकामटेकडा कुणी नाही. प्रत्येकाला काहीतरी उद्योग आहे. तुझ्या पत्र्यावर दहाच माणसं असतील तर दहांना दहा कामं दे.

काळं करून बघ

रेखाटन झालं की रंग भरू नकोस. आकृती आतून पूर्ण काळी कर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाव आणि बघ. डबेवाला डबेवाला दिसतो का? डोक्यावरच्या लांब लाकडी ट्रेमुळे तो लगेच कळतो. हातगाडीवाला त्याच्या तिरक्या अंगावरून कळतो. समोर तोंड करून सरळ उभी माणसं काळी केली की सगळी खांबासारखी दिसतात, म्हणून माणूस बाजूने किंवा तीन-चतुर्थांश वळवून काढ. काळ्यात जे ओळखू येत नाही, ते रंगानेही ओळखू येणार नाही. ते कापूच नकोस.

आतल्या भोकांचाही विचार इथेच कर. बसच्या खिडक्या आरपार कापल्यास तर मागची भिंत खिडकीतून दिसणार, म्हणजे भिंतीचा रंग तुझ्या चित्रात येणार. काम मागणाऱ्याला आधी विचार, भिंत कुठल्या रंगाची आहे? लाल बसमागे मोरपंखी भिंत आली तर खिडक्या खुलतील. विटकरी आली तर बसच हरवेल.

टिंब पडतं

चित्रात देवनागरी पाटी असली तर अक्षरांना पत्र्याचा कायदा लागू होतो. शिरोरेषा आपली मैत्रीण आहे, ती सगळी अक्षरं धरून ठेवते. रोमन अक्षरांना ही सोय नाही. पण 'मुंबई' कापलंस की अनुस्वाराचं टिंब सुटून खाली पडतं. त्याला बारीक देठ दे किंवा मागच्या थरावर वेगळं चिकटव. अक्षर उठावाचं न ठेवता भोक म्हणून कापणार असशील तर अडचण उलटी होते: ब, व, ठ, ढ यांच्या पोटातला तुकडा निखळतो. तिथे पूल ठेवावा लागतो. पूल पत्र्याच्या जाडीच्या दुपटीपेक्षा कमी नको, नाहीतर कापतानाच्या उष्णतेने तो वाकतो.

भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीहून लहान नको. रेषा बंद आहेत ना, एकावर एक दोनदा आलेल्या नाहीत ना, हे फाइल पाठवण्यापूर्वी बघ. दोनदा आलेली रेष मशीन दोनदा कापतं आणि पैसेही दोनदा लागतात. लेझरवाला कापलेल्या लांबीचा आणि भोकांच्या संख्येचा हिशेब धरतो. झाडाला बारीक बारीक पानं कापण्याची हौस महागात पडते. पानं ब्रशने काढ.

पत्रा कोणता

घरातल्या भिंतीसाठी सोळा गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घे. वीस गेज हलका, पण मोठा आकार कापला की लडबडतो आणि टोकं वाकतात. एचआर (हॉट रोल्ड) पत्रा स्वस्त मिळतो, पण त्यावर रोलिंग मिलमधला निळसर काळा पापुद्रा असतो. तो घासून काढला नाही तर काही महिन्यांनी रंगासकट सुटून येतो. दारूखान्याच्या भंगार बाजारात तुकडे वजनावर मिळतात. लहान कामांना ते उत्तम. मात्र निवडताना हाताने चाचप, खड्डे पडलेला गंजका तुकडा स्वस्तातही घेऊ नकोस.

समुद्राकाठच्या घरासाठी किंवा गॅलरीत लावायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम घे. त्याला आधी एच (etch) प्रायमर लागतो, साधा रेड ऑक्साइड त्याला धरत नाही. आणि स्टीलचा बोल्ट मारताना मध्ये नायलॉनचा वायसर घाल. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू अंगाला अंग लावून बसले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर थेट ऑइल पेंट कधीच मारू नकोस. रंगातलं तेल आणि जस्त यांचा साबण होतो आणि रंगाची सालं निघतात. इमारतीच्या गच्चीवरच्या पत्र्यांची अशी सालं तू पाहिली असशील.

वजन कागदावर काढत जा. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा ७.८५ किलोचा. तीन फूट बाय दोन फुटांचं तीन थरांचं काम, त्यातला चाळीस टक्के पत्रा कापून गेला असं धरलं, तरी सुमारे साडेबारा किलो होतं. हा आकडा पुढे भिंतीपाशी लागणार आहे.

कड मोडून घे

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच. लेझरची कड दिसायला देखणी असते, पण रंगाच्या दृष्टीने ती नाठाळ. धारदार कोपऱ्यावरून ओला रंग मागे सरकतो आणि नेमका तिथेच थर पातळ राहतो. शिवाय ऑक्सिजनवर कापलेल्या लोखंडाच्या कडेवर ऑक्साइडची काळी सालटी राहते. तिच्यावर कितीही महागडा रंग मार, तो सालटीसकट गळणार. नायट्रोजनवर कापून घेतलंस तर कड स्वच्छ येते, दर मात्र चढा असतो.

म्हणून प्रत्येक तुकडा हातात घे. आधी बारीक कानस कडेवर तिरकी धरून दोन्ही बाजूंचा बूर काढ. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून कड फिरवून घे. खिडक्यांच्या आतल्या कोपऱ्यांत पेपर जात नाही, तिथे गोल कानस. शेवटी जुनी सुती साडी कडेवरून फिरव. धागा अडकला तर तिथे काम बाकी आहे. हे कंटाळवाणं काम पोऱ्यावर सोपवू नकोस. कड घासताना तुकडा कळतो, कुठे रंग थांबवायचा तेही तेव्हाच ठरतं.

खालचा हात

पत्र्याला तेलाचा हात असतो. थिनरच्या फडक्याने तो पूस, मग दुसऱ्या, स्वच्छ फडक्याने पुन्हा. एकाच फडक्याने पुसत राहिलीस तर तेल फक्त इकडून तिकडे जातं. पुसल्यावर उघड्या बोटांनी धरू नकोस. आपल्या घामातलं मीठ पुरतं. आठवड्याभरात बोटांचे ठसे गंजून उमटतात.

त्याच दिवशी प्रायमर मार, उद्यावर टाकू नकोस. आपल्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, घासलेला पत्रा रात्रभरात तांबूस होतो. आधी सगळ्या कडांना ब्रशने एक हात, तो वाळल्यावर अख्ख्या तुकड्याला दुसरा हात. पाठीलाही तेवढाच. पाठ दिसत नाही म्हणून लोक सोडतात आणि गंज पाठीमागूनच पुढे येतो. वेल्डिंगचे खड्डे लांबीने भर, वाळू दे, ओल्या पेपरने घास.

काम जास्त असेल तर पावडर कोटिंगवाल्याकडून पांढरा किंवा करडा थर देऊन घे. तिथे तुकडा सुमारे २०० अंशांच्या भट्टीतून जातो, म्हणून लांबी त्याआधी भरायची नाही. तो थर ४०० नंबरच्या पेपरने मंद कर आणि त्यावर हाताने रंगव. तुळतुळीत पावडरवर ब्रशचा रंग बसत नाही, नखाने निघतो.

एक टॅक्सी रंगवताना

क्रम कसा असतो ते टॅक्सीवर दाखवतो. करड्या प्रायमरवर पिवळा थेट मारलास तर तो शेवाळी दिसतो, कारण पिवळ्याला झाकण्याची ताकद कमी. म्हणून टपापुरता आधी पांढरा. तो वाळला की हलका पेपर, मग पिवळ्याचे दोन पातळ हात. लालाचंही तसंच आहे. बेस्टची बस उठून दिसायची तर खाली पांढरा किंवा गुलाबी लागतो. पिवळा पूर्ण वाळल्यावर काळा. काळा शेवटी, कारण पिवळ्यावर सरकलेला काळा शोभून जातो, काळ्यावर सरकलेला पिवळा कधीच झाकत नाही. दोघांच्या सांध्यावर काळा केसभर वर येऊ दे, म्हणजे मधून प्रायमर डोकावणार नाही.

मग दारांच्या रेघा. लांब केसांचा लायनर घे, मनगट काठीवर टेकव, श्वास सोडता सोडता रेघ स्वतःकडे ओढ. बोटांनी नाही, खांद्याने. ब्रश अडखळत असेल तर रंगात दोन थेंब टर्पेंटाइन. रेघ पसरत असेल तर रंग पातळ झालाय, थोडा वेळ उघडा ठेव. मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी देऊ केला तर घेऊ नकोस. मुंगूस १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि आता सिंथेटिक ब्रश तितकेच चांगले येतात.

दोन हातांमध्ये घाई नको. सिंथेटिक इनॅमल वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो. रात्र जाऊ दे. आणि इनॅमलमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर चुकूनही घालू नकोस, त्यावर एनसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लॅकरही मारू नकोस. रंगाला म्हातारीच्या हातासारख्या सुरकुत्या पडतात. भर पावसात लॅकर मारलास तर त्यात ओल अडकून पांढुरकं सायपट येतं. आषाढात रेखाटनं कर, कडा घास. रंगाचं काम गणपतीनंतर काढ.

उन्हात जाणारं काम असेल तर भडक लाल आणि गुलाबी आधी उडतात. गेरू, पिवडी, काळा हे लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग सगळ्यांत टिकाऊ. शहर भडक दिसण्यासाठी सगळेच रंग भडक लागत नाहीत. तीन मातकट रंगांशेजारी एक लाल ठेवला की तो लाल रस्त्याच्या पलीकडून दिसतो.

थर आणि सावली

तीन थर पुरेत. मागे इमारती, मध्ये वाहनं, पुढे माणसं. मागच्या थराचे रंग फिके आणि थंड, पुढचे उष्ण. थरांत चार ते आठ सूत अंतर ठेव. त्याहून कमी अंतरात सावली चिकटलेली दिसते, जास्त ठेवलं तर बाजूने बघताना चित्र विस्कटतं. थरांमधले स्पेसर, म्हणजे नळीचे तुकडे, पुढच्या थराच्या आकृतीमागे लपतील असे लाव, खिडकीतून नळी दिसता कामा नये. मागच्या थराची पाठ नारिंगी किंवा पोपटी रंगवून बघ. पांढऱ्या भिंतीवर त्या रंगाची झाक पडते आणि बघणाऱ्याला ती कुठून आली ते कळत नाही. उजेड वरून तिरका हवा. समोरून झोत मारला की सावली आकृतीमागे दडते आणि तीन थरांची मेहनत वाया जाते.

थोरांचं बघ, उचलू नकोस

रंगवलेला धातू भिंतीवर आणि हवेत नेणारे मोठे लोक झाले. अलेक्झांडर काल्डर १९५५मध्ये साराभाई कुटुंबाचा पाहुणा म्हणून अहमदाबादला आला आणि तिथे त्याने पत्र्याची शिल्पं केली. फ्रँक स्टेला १९७७मध्ये त्याच कुटुंबाकडे राहिला. डब्यांसाठी छापलेला, छपाईत बिघडलेला पत्रा कापून-वाकवून त्याने 'इंडियन बर्ड्स' मालिकेचे नमुने केले. टाकाऊ पत्र्यावरची चुकलेली छपाईच त्याला रंग म्हणून चालली. जेरुसलेमचा डेव्हिड गर्स्टाइन तुझ्या वाटेवर सगळ्यात जवळचा: लेझरने कापलेले पोलादाचे थर, हाताने रंगवलेले, सायकलस्वार आणि शहरातली गर्दी. त्याचं काम जरूर बघ. पण त्याच्या सायकलस्वारांना टोपी घालून डबेवाला करू नकोस; नकला बाजारात भरपूर आहेत. तुझ्या दारातच रंगवलेला पत्रा आहे. डबेवाल्यांच्या झाकणांवरच्या रंगीत खुणा बघ. इतक्या थोड्या फटकाऱ्यांत सगळा पत्ता सांगणं हीच खरी शाळा.

भिंत ओळख

गिरगावच्या जुन्या चाळीची भिंत विटेची, नव्या टॉवरची सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची, ऑफिसची जिप्समची. बोट वाकवून ठोकून बघ. विटेला आठ मिलिमीटरचा प्लग आणि दोन इंची स्क्रू चालतो. सिपोरेक्स भुसभुशीत, तिथे त्याच्यासाठीचे लांब नायलॉनचे अँकर लागतात. जिप्समवर साडेबारा किलो टांगायचे तर आतली चौकट शोधूनच टांग. पलंगाच्या डोक्याशी मोठं काम लावू नकोस, मालक कितीही म्हणाले तरी. भिंत आणि काम यांत रबराच्या गोळ्या घालून अर्धा इंच फट ठेव. पावसाळ्यात भिंत ओल धरते, फट असली की वारा खेळतो. आणि आत वायर कुठून गेलीय ते विचारल्याशिवाय ड्रिल लावू नकोस.

जीव सांभाळ

जुन्या पाट्यांचा पत्रा वापरणार असशील तर त्यावरचा जुना रंग कोरडा घासू नकोस. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली ती नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीच्या पिवळ्या-लालात शिसं भरपूर असे. ओला पेपर वापर, निघालेला गाळ कागदात गुंडाळून वेगळा टाक, घरात तान्हं मूल असेल तर घरी घासूच नकोस. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला वेल्डिंग केलं की जस्ताच्या धुराने रात्री थंडी-ताप येतो. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढ आणि दार उघडं ठेव. थिनरच्या वासाला कापडी मास्क काही करत नाही, कोळशाच्या डब्यांचा मास्क घे. पीयूचा फवारा तर हवेच्या सोयीच्या बूथमध्येच. तेलरंगाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडव.

हिशेब

पत्रा, कापणं, वेल्डिंग, रंग, तुझे तास, टेम्पो आणि टांगणावळ, या सगळ्याची बेरीज आधी कागदावर कर, मग तोंड उघड. कडा घासण्याचे तास धरायला लाजू नकोस. सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जातो. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय फाइल लेझरवाल्याला पाठवू नकोस. पाठीवर सही, साल आणि वापरलेल्या रंगांची नावं लिही, सोबत प्रत्येक रंगाची छोटी बाटली दे. दहा वर्षांनी टवका उडाला तर त्या बाटलीला सोन्याचं मोल येतं. पुसायला कोरडं मऊ फडकं, बाकी काही नाही, हेही लिहून दे.

एवढं सगळं ऐकून घाबरू नकोस. आधी एक वीतभर टॅक्सी कर, तिला एक पावसाळा स्वतःच्या घराच्या भिंतीवर काढू दे आणि दिवाळीत तिच्या कडा भिंगातून बघ. कुठेही तांबूस दिसलं नाही, तर खुशाल ऑर्डरी घ्यायला लाग.